नाताळच्या पुरवणीबाहेरचे वाचन

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाचा मी जुना वाचक आहे; त्यातली बहुतेक वर्षे मात्र शिळ्या अंकांचा, कारण नोकरी मालगाडीवरच्या गार्डची होती आणि दोन-तीन दिवसांनी घरी परतल्यावर साचलेले अंक एका बैठकीत वाचून काढावे लागत. दर डिसेंबरात आपली नाताळ पुरवणी येते. तीत केकची कृती असते, सदर बाजारातल्या चांदण्यांची आणि गव्हाणीच्या देखाव्यांची छायाचित्रे असतात, एखाद्या चर्चच्या रोषणाईचे वर्णन असते, आणि हे सगळे आमच्या घरी आवडीने पाहिले जाते. गेल्या खेपेला या पुरवणीसाठी एका तरुण वार्ताहराचा मला फोन आला होता. नाताळच्या दिवसांत तुम्ही विशेष काय करता, असे त्याने विचारले, तेव्हा मी ‘वाचतो’ असे उत्तर दिले. तो भला मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “ते ठीक आहे काका, पण फराळाचं सांगा ना.” मी करंज्यांचे आणि शंकरपाळ्यांचे सांगितले, आणि तेवढेच छापून आले. त्याबद्दल राग नाही. करंज्या खरोखरच चांगल्या झाल्या होत्या. पण त्या दिवशी अर्धवट राहिलेले उत्तर मनात घोळत राहिले आहे, ते वाचकांच्या पत्रव्यवहारात पूर्ण करू द्यावे, ही विनंती.

माझ्या वाचनाची सुरुवात ब्रेकव्हॅनमध्ये झाली. नागपूरहून निघालेली मालगाडी कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया अशी पुढे जाते, सालेकसा-दरेकसाचे जंगल ओलांडते आणि डोंगरगड, राजनांदगाव करीत दुर्गला पोचते, असे नकाशावर दिसते. प्रत्यक्षात ती मेल-एक्स्प्रेस गाड्यांना वाट देत लूप लाइनमध्ये तासन्‌तास उभी असते. गाडी चालू असताना गार्डने वाचायचे नसते आणि मी कधी वाचलेही नाही. परंतु लूपमध्ये उभ्या गाडीच्या शेवटच्या डब्यात, पंखा नाही, धड दिवा नाही, बोलायला माणूस नाही, अशा अवस्थेत लाइन बॉक्सवर, म्हणजे गार्डच्या सामानाच्या पेटीवर, बसून करण्यासारखे दुसरे काय होते? खिशात मावणारा बायबलचा नवा करार माझ्याजवळ असे. दिवस असेल तर दारातल्या उजेडात आणि रात्र असेल तर हातबत्ती जवळ घेऊन मी तो वाचत असे, आणि त्या प्रतीच्या कडा आजही कंदिलाच्या काजळीने काळ्या आहेत. (या पदाला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. हे बारसे २०२२ साली, मी निवृत्त झाल्यावर झाले. त्यामुळे मी शेवटपर्यंत गार्डच राहिलो याचे मला समाधान आहे.)

याच लाइनवर एक वाचन माझ्या कितीतरी आधी झाले होते, हे मला नोकरीत लागल्यावर बऱ्याच उशिरा कळले. रेव्हरंड नारायण वामन टिळक धर्मांतरापूर्वी काही काळ नागपुरात होते. आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम त्यांनी येथे केले. १८९३ साली कामाच्या शोधात ते नागपूरहून राजनांदगावला निघाले असता डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. टिळक तो वाचू लागले, मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी पोचले आणि तेथून त्यांना हलता येईना. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी काव्यातले एवढे मोठे वळण ज्या रुळांवर घडले त्या रुळांवरून मी आयुष्यभर कोळसा आणि मॅंगनीज नेले, ही गोष्ट मला आजही जराशी गमतीची वाटते.

वाचत होतो खरे, पण कसे वाचत होतो हेही सांगितले पाहिजे. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून काढण्याचा तक्ता मिळत असे. आम्ही प्रॉटेस्टंट मंडळी ज्याला पवित्र शास्त्र म्हणतो त्यात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. म्हणजे रोज तीन आणि मधूनमधून चार अध्याय वाचले की ३१ डिसेंबरला शेवटचे पान उलटते. हा तक्ता मी कित्येक वर्षे पाळला. अध्याय झाला की तारखेवर खूण, जशी स्टेशनमागून स्टेशन पार केल्याची वेळ आम्ही गार्डच्या जर्नलमध्ये टिपत असू तशी, आणि वेळापत्रकाप्रमाणे धावणाऱ्या गाडीचा जो अभिमान वाटतो तोच वाचनाचा वाटत असे. विश्वास म्हणजे उत्तरे ठाऊक असणे, आणि उत्तरे पुस्तकात आहेत म्हणजे पुस्तक संपवले की झाले, अशी माझी त्या काळातली समजूत होती. कोणी दुःखात असेल तर मी लगेच योग्य ते वचन अध्याय-ओवीसह म्हणून दाखवीत असे. लोक माझे कौतुक करीत.

नोकरीच्या मध्यावर, एका पावसाळी सकाळी, आमच्या गाडीखाली सायकलवरचा एक शाळकरी मुलगा आला. रेल्वेच्या भाषेत याला रनओव्हर म्हणतात, आणि गार्डने काय करायचे याचे नियम ठरलेले आहेत: गाडी थांबवायची, मागे चालत जायचे, पाहायचे, मेमो लिहायचा आणि जवळच्या स्टेशनला कळवायचे. मी ते सगळे केले. शेतातून त्याचे वडील धावत आले आणि रुळाशेजारच्या गिट्टीवर मुलाजवळ बसले. मी त्यांना म्हणालो, “देवाची इच्छा.” त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत, आणि ते काहीतरी बोलले असते तर बरे झाले असते, असे मला पुढे अनेकदा वाटले.

त्यानंतर मी तक्ता सोडला आणि पवित्र शास्त्रातले ईयोबाचे पुस्तक काढले. तोवर ते मी तक्त्याप्रमाणे कितीतरी वेळा ‘संपवले’ होते. मुले, गुरेढोरे आणि आरोग्य गमावून राखेत बसलेल्या ईयोबाला भेटायला त्याचे तीन मित्र येतात. त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात आणि कोणीही त्याच्याशी एक शब्द बोलत नाही, हे दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस लिहिले आहे आणि मी ते कधी पाहिलेच नव्हते. आठव्या दिवसापासून मात्र ते बोलू लागतात आणि पुढचे वीसएक अध्याय बोलतच राहतात. त्यांचे एकेक वाक्य सुटे काढले तर ते भिंतीवर लावण्याजोगे आहे: देव न्यायी आहे, दुःख हे पापाचे फळ आहे, पश्चात्ताप कर म्हणजे बरे होईल. आणि शेवटी देव कोणावर रागावतो? प्रश्न विचारून, भांडून देवाला हैराण करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू घेणाऱ्या या मित्रांवर. माझा सेवक ईयोब बोलला तसे तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, असे तो बेचाळिसाव्या अध्यायात त्यांना सुनावतो. बरे, ईयोबाला तरी उत्तर मिळते का? अडतिसाव्या अध्यायापासून देव बोलतो ते प्रश्नच विचारतो: मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास? रानबकऱ्या केव्हा वितात हे तुला ठाऊक आहे काय? मुले का गेली, याचे कारण ईयोबाला अखेरपर्यंत कळत नाही. मी हे पुस्तक त्या वर्षी चार महिने वाचले. गिट्टीवर बसलेल्या त्या बापाला मी आठव्या दिवशीचे वाक्य पहिल्याच मिनिटाला ऐकवले होते.

तेव्हापासून माझे वाचन मंद झाले आणि आजही ते तसेच आहे. पहाटे पाच ते साडेसहा हा वेळ. समोर दोन मराठी भाषांतरे, एक पेन्सिल आणि भिंग. गेल्या वर्षीच्या ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळापासून मी मार्काचे शुभवर्तमान वाचतो आहे आणि ते अजून संपलेले नाही. सोळाच अध्यायांचे हे सर्वांत लहान शुभवर्तमान, पण त्याच्या शेवटापाशी मी अडकलो आहे. सर्वांत जुन्या, चौथ्या शतकातल्या दोन प्रमुख हस्तलिखितांत ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीला संपते: कबर रिकामी आहे, पुनरुत्थानाची बातमी मिळाली आहे, आणि ज्या स्त्रियांना ती मिळाली त्या पळून जातात व भीतीपोटी कोणाला काही सांगत नाहीत. पुढच्या बारा ओव्या नंतर जोडल्या गेल्या असाव्यात, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ही माहिती प्रथम समजली तेव्हा मला पायाखालचा स्लीपर निसटल्यासारखे झाले होते. आता तसे होत नाही. आमच्या पाळकांनी ईस्टरला नेहमीप्रमाणे विजयाचे प्रवचन केले ते योग्यच होते. पण मला त्या घाबरलेल्या बायका अधिक जवळच्या वाटतात, कारण त्या गप्प राहिल्या आणि तरीही गोष्ट माझ्यापर्यंत आली.

संध्याकाळचे वाचन माझ्या पत्नीबरोबर असते, आणि ते मोठ्याने असते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आम्ही तिसऱ्यांदा वाचत आहोत. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठी वाचकाला मी नव्याने सांगावे असे नाही. मात्र ते ख्रिस्ती माणसाने वाचणे हा थोडा वेगळा अनुभव आहे. नवऱ्याच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झालेली ही बाई त्या धर्मांतराला कोठेही साखर लावत नाही, आपले रडणे, भांडणे, सोवळेओवळे आणि ते टप्प्याटप्प्याने कसे गळून पडले हे ती हसत हसत सांगते, आणि १९०० साली तिचा स्वतःचा बाप्तिस्मा होईपर्यंत वाचकाला कळते की विश्वास एका रात्रीत येत नाही, तो स्वयंपाकघरातून येतो. माझी पत्नी मध्येच पुस्तक मिटून म्हणते, “या बाईला आपल्या महिला मंडळात भाषणाला बोलावलं असतं तर निम्म्या जणी उठून गेल्या असत्या.” मला ते अगदी पटते.

फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ वाचण्याचाही मी प्रयत्न केला. एका इंग्रज जेझुइटाने १६१६ साली छापलेल्या या जवळजवळ अकरा हजार ओव्यांपैकी ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ एवढीच आपण शाळेपासून घोकतो. पुढे गेल्यावर स्वर्गाला वैकुंठ म्हणणारा ख्रिस्ती कवी भेटतो आणि दोन पानांत दमछाक होते. ते मी थंडीच्या दिवसांसाठी राखून ठेवले आहे.

माझ्या वाचनातली एक गोष्ट मंडळीतल्या काही जणांना खटकते, तीही लिहितो. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी दीक्षाभूमीवर पुस्तके घ्यायला जातो. नागपुरात राहून ज्याने त्या दिवशीची पुस्तकांची दुकाने पाहिली नाहीत त्याने या शहराचे वाचन पाहिलेले नाही; लांबून पायी आलेली, हातात शिदोरीचे गाठोडे असलेली माणसे पुस्तक उलटून पाहतात, किंमत विचारतात आणि विकत घेतात. माझ्यासोबत एक जुने सहकारी असतात, ट्रॅकमन म्हणून निवृत्त झालेले आणि जन्माने व मनाने बौद्ध. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मी त्यांच्याच आग्रहावरून घेतले. एकदा चहा पिताना मी त्यांना त्या मुलाची आणि माझ्या ‘देवाच्या इच्छे’ची हकिकत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “आमच्यात मोहरीची गोष्ट आहे जी.” किसागोतमीची ती गोष्ट मला ऐकून माहीत होती: मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या आईला बुद्ध सांगतात की ज्या घरात कधी कोणी मेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण, आणि ती दारोदार फिरते. मोहरी प्रत्येक घरात असते, असे घर मात्र सापडत नाही. त्या रात्री घरी येऊन मी मार्काचा चौथा अध्याय काढला, कारण मोहरी आमच्याकडेही आहे: सर्व दाण्यांहून लहान असा दाणा, पण पेरल्यावर वाढतो आणि त्याच्या सावलीला पाखरे राहतात. या दोन मोहऱ्या एकच आहेत, असे मी म्हणणार नाही. एक दुःखाविषयी आहे आणि दुसरी देवाच्या राज्याविषयी, आणि माझे सहकारी तर देव मानतच नाहीत. पण ती आई दारोदार गेली, तिला लोकांनी आत बोलावले असेल, आपापली मेलेली माणसे सांगितली असतील, ही कल्पना मला ईयोबाच्या त्या सात दिवसांजवळ नेते. आमच्या मंडळीच्या घरभेटीला मी आता जातो तेव्हा दुसऱ्या अध्यायाच्या त्या अखेरच्या ओव्या वाचतो आणि पुस्तक मिटून बसून राहतो. सुरुवातीला सोबतच्या मंडळींना फार अवघडल्यासारखे होत असे.

याउलट रोज सकाळी माझ्या मोबाइलवर गुलाबाच्या चित्रासह दहा-बारा वचने येऊन पडतात. त्यांत सर्वांत लाडके वचन यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले आहे: तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, तुम्हाला उज्ज्वल भवितव्य मिळेल, असे देव सांगतो. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना, घर घेणाऱ्यांना, नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्यांना ते पाठवले जाते. ते एका पत्रातले वाक्य आहे हे मात्र कोणी सांगत नाही. बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पत्र लिहिले, आणि त्याच्या आधीच्याच ओवीत लिहिले आहे की परत यायला सत्तर वर्षे लागतील. म्हणजे ज्यांनी ते ऐकले त्यांच्यातले बहुतेक तिथेच मरणार होते. तोवर काय करायचे? घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्या नगराचे हित चिंता. गुलाबाच्या चित्रावर हे मावत नाही. सदुसष्टाव्या वर्षी सत्तर वर्षांचे आश्वासन वाचताना मला हसू येते, पण नगराचे हित चिंतण्याची आज्ञा मला त्या वचनाहून जास्त उपयोगी वाटते, आणि ती आमच्या मंडळीइतकीच या शहरातल्या कोणालाही लागू पडावी.

आता ज्या गोष्टीसाठी पत्र लिहायला घेतले तिच्याकडे येतो. वरचे सगळे मी मराठीत वाचले, म्हणूनच ते मला असे दिसले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून आयुष्याची अखेरची वर्षे पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्यात घालवली, ते का? त्या वेळच्या भाषांतरातली संस्कृतप्रचुर मराठी साध्या बायकांना कळत नाही, असे त्यांना वाटले. १९२२ साली त्या गेल्या आणि त्यांचे संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, त्याला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि पुढे ते उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एवढी परंपरा असताना आमच्याच घरांत काय चालले आहे? इंग्रजी उपासनेला खुर्च्या कमी पडतात आणि मराठी उपासनेला बहुतेक डोकी पांढरी असतात. टिळकांची गीते ‘उपासना-संगीता’तून आम्ही दर रविवारी गातो, पण नववीतला माझा नातू ती रोमन लिपीत लिहून घेतो. स्टीफन्स यांचे पुराणही रोमन लिपीतच छापले गेले होते, कारण त्या काळी गोव्यात देवनागरी खिळे नव्हते; आमच्या घरात चारशे वर्षांनी ते नसावेत याचे मला वाईट वाटते. ही तक्रार कोणावर नाही, आमच्यावरच आहे.

दुसरी बाजू एका ग्रंथालयात दिसली. तिथे मी टिळकांची ‘अभंगांजली’ विचारली, तेव्हा कवितेच्या कपाटातून ती मिळाली नाही. ‘इतर धर्म’ अशी चिठ्ठी लावलेल्या खालच्या फळीवर, योगासनांच्या एका पुस्तकाशेजारी ती होती. तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे जो कवी सांगतो त्याचे अभंग मराठी कवितेत नसतील तर कोठे असावेत? ग्रंथपाल बाई मनमिळाऊ होत्या, त्यांनी पुस्तक तिथल्या तिथे वरच्या कपाटात ठेवले. आमच्या मंडळीतही मला अधूनमधून विचारले जाते की आपल्या नागपूरचे कवी ग्रेस ख्रिस्ती होते का. ते माणिक गोडघाटे होते, असे सांगितले की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. त्यांच्या कविता वाचल्या का, असे विचारले की तो आणखी उतरतो. फळ्या दोन्हीकडे आहेत.

तेव्हा, संपादक महोदय, येत्या नाताळच्या पुरवणीत केकची कृती अवश्य असावी, चांदण्याही असाव्यात. त्यांच्या शेजारी लक्ष्मीबाईंच्या नागपुरातल्या दिवसांवर किंवा टिळकांच्या त्या राजनांदगावच्या प्रवासावर अर्धे पान देता आले तर पाहावे, आणि ते ख्रिस्ती वाचकांसाठी म्हणून न देता मराठी वाचकांसाठी म्हणून द्यावे. त्या वार्ताहर मुलाला माझा नमस्कार सांगावा. करंज्यांचे प्रमाण त्याला पुन्हा हवे असेल तर माझी सून सांगेल. फक्त फोन संध्याकाळी आठनंतर करायला सांगावे, कारण त्याआधी आमचे वाचन चाललेले असते.

आपला,
एक निवृत्त रेल्वे गार्ड,
नागपूर